शर्यत आणि मीटर

परीक्षण म्हटले की ते पुस्तकाचे, नाटकाचे, फार तर बोलपटाचे असावयाचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. दिवाळी अंकात ती अधिकच पक्की होते. तेव्हा यंदा मी ज्या गोष्टीचे परीक्षण करावयास बसलो आहे तिचे नाव सांगताच काही वाचक चकलीचा तुकडा हातातच ठेवून पान उलटतील, याची मला कल्पना आहे. विषय आहे संगणकावरच्या मोटारींच्या शर्यतींचा. त्यातही, दूरदूर बसलेल्या माणसांनी तारेवरून एकमेकांशी खेळावयाच्या त्या पहिल्या पिढीतल्या शर्यतींचा. या खेळांना कला म्हणावे की नाही, यावर आमच्याच घरात दोन तट आहेत. तो वाद मी येथे उकरून काढीत नाही. ज्यासाठी माणसे रात्र जागवतात आणि पदरचे पैसे मोजतात, त्याचे गुणदोष कोणीतरी गंभीरपणे पाहिले पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे.

या खेळांची परीक्षणे मी त्या काळी पुष्कळ वाचली. चित्र किती रेखीव, गाड्यांचे आवाज किती खरे, वळणावर चाके कशी घसरतात, यावर त्यांत भरभरून लिहिलेले असे. पण दुसऱ्या माणसाशी खेळावयाचे तर तासाला किती रुपये पडतात, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नसे. मला ही उणीव मोठी वाटते. कोणी म्हणेल, नाटकाचे परीक्षण करताना तुम्ही तिकिटाचा दर लिहिता काय? नाही लिहीत, कारण तिकीट एकदा काढले की नाटक सुरू असताना प्रेक्षकाच्या खिशातून दर तीन मिनिटांनी कोणी पैसे काढून घेत नाही. तसे जर असते, तर आपली संगीत नाटके रात्रभर चालली असती काय? दोन-दोन, तीन-तीन 'वन्समोअर' कोणी मागितले असते काय? मुंबईच्या नाटकांचा शेवट शेवटच्या लोकलच्या वेळेकडे पाहून आखावा लागला, हे आपण जाणतो. खर्च आणि प्रवास या गोष्टी कलाकृतीच्या बाहेर उभ्या राहत नाहीत. त्या आत शिरतात, तिची लांबीरुंदी ठरवतात. तारेवरच्या शर्यतींत तर त्या ड्रायव्हरशेजारच्या बैठकीवर येऊन बसल्या होत्या.

मुळापासून पाहू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पपायरस नावाची एक लहानशी मंडळी होती. डेव्हिड केमर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९८९ साली त्यांनी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीचा खेळ केला, १९९४ साली 'नॅसकार रेसिंग' केला. गाडीच्या वजनाचा, टायरच्या झिजेचा, पेट्रोलच्या भाराचा हिशेब ठेवणारे हे खेळ होते. खेळणे म्हणण्यापेक्षा शिकवणी म्हणावी असे. यंत्राविरुद्ध खेळून कंटाळलेल्या लोकांसाठी या मंडळींनी 'हवाई' नावाची एक व्यवस्था काढली. खेळणाऱ्याने आपल्या मोडेमवरून थेट पपायरसच्या यंत्राला फोन लावावयाचा आणि तेथे जमलेल्या इतरांबरोबर गाडी पळवावयाची. मौज अशी, की लांबच्या गावाहून फोन करणाऱ्याला ट्रंक कॉलचा भुर्दंड स्वतःच सोसावा लागे. नाव हवाई, पण बिल अगदी जमिनीवरचे! पुढे १९९६ साली टोटल एंटरटेनमेंट नेटवर्क नावाची वर्गणीवर चालणारी सेवा निघाली आणि याच शर्यती तिच्यावर भरू लागल्या.

त्याच सुमारास, १९९४ साली, 'एक्सबँड' नावाचा एक मोडेम निघाला होता. टीव्हीला जोडावयाच्या खेळयंत्रात तो बसे, आणि 'सुपर मारियो कार्ट' ही मुलांची लाडकी शर्यत दोन घरांत मिळून खेळता येई. त्याच्या कर्त्यांना पैशाची जाण होती, असे म्हटले पाहिजे. प्रतिस्पर्धी आपल्याच स्थानिक फोनच्या टापूतला मिळावा, अशी सोय त्यांनी ठेवली होती. म्हणजे जोडीदार निवडताना तो किती तरबेज आहे यापेक्षा तो किती जवळ राहतो हे आधी पाहावयाचे. सोयरीक जुळवताना आपल्याकडची वडील माणसे असेच काही पाहत असत. १९९७ साली ती सेवा बंद पडली.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. खाजगी व्यक्तीसाठी २५० तासांचे ५,००० रुपये. भागाकार सोपा आहे: तासाला २० रुपये. त्या काळच्या मध्यमवर्गीय पगाराकडे पाहता ही रक्कम काही थोडी नव्हे. पण खरी गंमत पुढेच आहे. हे २० रुपये केवळ दारापाशी उभे राहण्याचे. दारापर्यंत जाण्यासाठी फोन लावावा लागे, आणि त्याचे मीटर वेगळे. तीन मिनिटांचा एक कॉल धरला तर तासाला २० कॉल. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकण्याची मुभा मिळाली, स्पर्धा लागली, तासाचा दर धडाधड उतरला. फोनचे मीटर मात्र आपल्या चालीने चालतच राहिले. काही वर्षांत स्थिती अशी आली की इंटरनेट स्वस्त आणि इंटरनेटकडे जाण्याचा रस्ता महाग. देवळात दर्शन फुकट आणि टांगेवाल्याला पाच रुपये, तसे.

हे झाले मुंबई-पुण्याचे. आमचे अंजूर भिवंडी तालुक्यात आहे, आणि भिवंडीचा फोन मुंबईच्या फोनच्या कुटुंबातला नव्हता. ठाणे शहर मुंबईच्या ०२२ मध्ये. आम्ही खाडीच्या अलीकडचे, ०२५२२ वाले. अंजूरहून भिवंडी आणि अंजूरहून ठाणे यांत अंतराचा म्हणावा असा फरक नाही. पण भिवंडीला फोन केला तर तो स्थानिक, आणि ठाण्याला केला तर शून्य लावून एस.टी.डी. पुढे '९५' लावण्याची सवलत आली आणि हा भेद बराच बोथट झाला. तोपर्यंत मात्र मुंबईतल्या इंटरनेटच्या केंद्राला फोन लावणे म्हणजे ट्रंक कॉलच होता. इतिहासाची आवड असलेल्या वाचकांना आठवेल, की १७३७ साली साष्टीच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या बाजूने ज्यांनी खटपट केली ते गंगाजी नाईक याच अंजूरचे. त्यांचे निरोप खाडी ओलांडून जात तेव्हा नाव लागे, धाडस लागे, जिवावरची जोखीमही असे. पण नावाडी तीन-तीन मिनिटांनी पैसे मागत नसावा.

माझा पुतण्या त्या वेळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. आमच्या घरी फोनशेजारी एक वही टांगलेली असे, तशी ती अनेक घरी असे. ज्याने फोन केला त्याने तारीख, गाव आणि कॉल लिहून ठेवावयाचे, म्हणजे दोन महिन्यांनी बिल आले की वडील मंडळींना हिशेब लागे. त्या वहीत "कल्याण, आत्याबाई, २ कॉल", "भिवंडी, डॉक्टर, १ कॉल" अशा नोंदींच्या मधोमध एके दिवशी "शर्यत, ४ कॉल" अशी नोंद उमटली. माझ्या वहिनींना ती वाचून कोठे बैलगाड्यांच्या शर्यतीची चौकशी केली असावी असे वाटले. आमच्या बाजूला ते काही अशक्य नव्हते.

"काका, इंटरनेट नाही लागत याला," त्याने मला समजावले. "मी त्याच्या घरी फोन लावतो, त्याचा मोडेम उचलतो. बस्स."

त्याचे म्हणणे खरे होते. १९९८ सालच्या 'नीड फॉर स्पीड: हॉट पर्सूट' या खेळात दोघांना मोडेमवरून परस्पर खेळण्याची सोय होती. मध्ये कोणती कंपनी नाही, वर्गणी नाही. एका घरातून दुसऱ्या घरात लावलेला साधा फोन. मित्र भिवंडीत असेपर्यंत ही शर्यत चार कॉलांत, म्हणजे पाचेक रुपयांत, होत असे. मग मित्राच्या वडिलांनी ठाण्यात जागा घेतली. तीच दोन मुले, तीच लाल डियाब्लो, तोच घाटाचा रस्ता. शर्यत मात्र काही पटींनी महागली. त्या काळी रात्री अकरानंतर एस.टी.डी.चा दर चौथाईवर येई. म्हणून दोघे अकराची वाट पाहत बसत, आणि मोडेमची ती किरकिर घरात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून हा त्यावर उशी ठेवी. तीन महिन्यांत ते खेळणे आपोआप बंद झाले. त्यानंतर ती दोघे फारशी भेटलीही नाहीत. मैत्री फोनच्या दरामुळे तुटली असे मी म्हणणार नाही. मुलांच्या मैत्रीला पातळ व्हायला कारणे पुष्कळ असतात. पण दर रात्री अर्धा तास एकमेकांच्या मागे-पुढे गाडी पळवणारी मुले एकमेकांना विसरली असती, असे मला वाटत नाही.

मीटरने खेळाच्या रूपावर काय परिणाम केला ते येथे स्पष्ट दिसते. तारेवर खेळताना मुले लांब शर्यत कधीच निवडत नसत. दोन फेऱ्या; फार तर तीन. पहिल्या वळणावर धडक झाली तर हरणारा "पुन्हा सुरू कर" म्हणे, कारण हरलेल्या शर्यतीसाठी आणखी एक कॉल जाळणे त्याला परवडत नसे. चिकाटीने मागून येऊन शेवटच्या फेरीत गाठणे, टायर जपणे, समोरच्याला थकवणे, हा जो शर्यतीचा खरा रस, तो या खेळांत होता. परंतु तो चाखण्याची ऐपत फार थोड्यांची. पपायरसचा 'ग्रां प्री लेजंड्स' हा याच १९९८ चा खेळ. १९६७ सालच्या फॉर्म्युला वनच्या गाड्या, अरुंद टायर, जरा पाय जड पडला की गाडी गवतात. माझ्या मते त्या दशकातली ही सर्वांत प्रामाणिक शर्यत. पण तिला तासन्‌तास द्यावे लागतात, आणि मोजून कॉल खर्च करणाऱ्या घरात अशी कलाकृती म्हणजे चाळीतल्या खोलीत आणून ठेवलेला पियानो. जे खेळ आपल्याकडे रुजले ते उथळ होते म्हणून आपली अभिरुची उथळ, असे म्हणणारे टीकाकार मला भेटतात. त्यांनी आधी वह्या पाहाव्यात.

पैशाबरोबर दुसरी एक किंमत होती, ती वेळेची. तिचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. आता पृथ्वीपासून ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत निरोप धाडला, तर तो वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर यायला आणखी पाव. या अर्ध्या सेकंदात गाडी सुमारे २८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सहा मोटारी. समुद्राखालून केबल असली तरी काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन एक अष्टमांश सेकंद तर देवालाही लागेल. त्यात मोडेमचा आपला विलंब. मग यंत्रे काय करतात? अंदाज करतात. समोरची गाडी मघाशी अशा वेगाने अशा दिशेला होती, तेव्हा आता ती येथे असावी, असे धरून तुमच्या पडद्यावर ती काढतात. आणि खरी बातमी आली की गाडी एकदम उडी मारून खऱ्या जागी जाते. म्हणजे तुम्ही ज्याच्याशी शर्यत लावली आहे तो तुम्हाला कधी दिसतच नाही. दिसतो तो त्याच्याविषयीचा तर्क. दुसऱ्या प्रकारच्या खेळात हे चालून जाते. बुद्धिबळात तर अर्धा दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. पोस्टकार्डावरून डाव खेळणारे लोक होतेच. शर्यतीत मात्र चाकाला चाक घासून जाणे हाच प्राण आहे, आणि नेमके तेच खोटे पडते. ज्याची तार महाग, त्याचा तर्क खरा. ज्याची स्वस्त, त्याने आदळावयाचे आणि वर शिव्या खावयाच्या.

या दोन्ही किमतींतून आपल्या मुलांनी जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. त्यांनी तार सोडून दिली. भिवंडी, कल्याण, ठाणे येथल्या सायबर कॅफेंत आठ-दहा संगणक एकमेकांना जोडलेले असत. तासाला २०-३० रुपये दिले की तेथल्या तेथे, फोनला हात न लावता, सगळे मिळून शर्यत. १९९९ सालचा 'मिडटाउन मॅडनेस' तेथे काय रंगे! शिकागो शहराचे रस्ते, सिग्नल, वाहतूक, आणि त्यात चोर-पोलिसांचा खेळ. पुतण्याला बोलवायला म्हणून मी अशा एका कॅफेत गेलो होतो. मागांवर काम करणारी दोन पोरे पाळी संपवून आली होती, कपड्यांवर सुताचे तंतू तसेच. शेजारी एका व्यापाऱ्याचा मुलगा. पोलीस कोण, चोर कोण यावरून जो आरडाओरडा चालला होता तो ऐकून मला आट्यापाट्यांचे मैदान आठवले. पुढे भारनियमनाच्या काळात वीज गेली की सगळे पडदे एकदम काळे, आणि मालक उरलेल्या मिनिटांची चिठ्ठी लिहून देई. ती चिठ्ठी मुले पैशासारखी जपत. एकत्र बसून खेळण्याच्या या रूपावर कोठे परीक्षण आले नाही. मला विचाराल तर त्या खेळांचा आपल्याकडे झालेला सर्वांत चांगला प्रयोग तोच.

आता एका खेळाविषयी मला कठोर लिहावयाचे आहे. 'मोटर सिटी ऑनलाइन' हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सचा खेळ २००१ साली आला. जुन्या अमेरिकन गाड्या विकत घ्यावयाच्या, त्यांचे सुटे भाग बदलावयाचे, आपले गॅरेज सजवावयाचे आणि इतरांशी शर्यती लावावयाच्या. कल्पना सुंदर होती. जुन्या मोटारींवर जीव असलेल्या माणसांनी केलेले काम होते, हे गाड्यांच्या बारकाव्यांतून दिसे. पण हा खेळ एकट्याने खेळण्याची सोयच नव्हती. तबकडी विकत घ्या, वर दरमहा सुमारे दहा डॉलर भरा, तरच दार उघडणार. २९ ऑगस्ट २००३ रोजी कंपनीने तो बंद केला. दोन वर्षेही झाली नव्हती. तबकडी घरात, गाड्या कोठेच नाहीत! आपल्याकडे रेडिओला वर्षाचा परवाना लागे, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. १९८० च्या दशकात तो रद्द झाला. पण परवाना संपला म्हणून कपाटातल्या ध्वनिमुद्रिका कोणी पुसून टाकल्या नव्हत्या. कलाकृती विकल्यावर तिचे अस्तित्व स्वतःच्या हातात ठेवणे ही विक्री नव्हे, भाडे आहे. आणि भाडे म्हणून ते सांगावयास हवे होते. हा दोष तांत्रिक नाही. तो रचनेचा दोष आहे, आणि म्हणून समीक्षकाच्या कक्षेत येतो.

हा दोष त्या एका खेळाबरोबर संपला असे नाही. २०१४ साली निघालेला युबिसॉफ्टचा 'द क्रू' ३१ मार्च २०२४ रोजी असाच बंद झाला. एकट्याने गाडी चालवावयालाही त्याला कंपनीचे यंत्र लागे. त्यावरून एवढा गहजब झाला की विकलेले खेळ असे मारू नयेत म्हणून युरोपात २०२५ सालापर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या दिल्या. ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. व्यवस्था कायम चालवण्याचा खर्च असतो, हे कंपन्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. पण शेवटच्या दिवशी किल्ली ग्राहकाच्या हातात देऊन जावयाला कितीसा खर्च येतो?

अंजूरचे आता रूप बदलले आहे. शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली, आणि साऱ्या देशाने फोनवरून मागवलेला माल त्यांत येऊन पडतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि जोडणीचा दर मोजावयाची गरजच उरली नाही. गोदामाबाहेर टेम्पोत पाय पसरून बसलेला ड्रायव्हर फोनवर मोटारींच्या शर्यती खेळतो. समोरचा ठाण्यातला की ब्राझीलमधला, याची त्याला फिकीर नाही. मीटर गेले म्हणावे, तर ते खेळाच्या आत जाऊन बसले आहे: चांगली गाडी हवी, पैसे टाका; लवकर दुरुस्ती हवी, पैसे टाका. या नव्या खेळांविषयी लिहावे असे मला फारसे काही सापडत नाही. त्यांच्यात शर्यत थोडी आणि दुकान पुष्कळ.

'हॉट पर्सूट'ची ती तबकडी मात्र आमच्याकडे अजून आहे. मागल्या मे महिन्यात पुतण्याच्या मुलीने ती जुन्या संगणकात घालून पाहिली. चालली. "मोडेम" या शब्दावर बोट ठेवून तिने विचारले, "आजोबा, हे काय?" मी तिला ती वही काढून दाखवली. आमच्या घरचा तारेचा फोन जाऊन कित्येक वर्षे झाली. भिंतीवर त्याच्या डबीचे चार स्क्रू तेवढे आहेत. ती दोन फेऱ्या एकटीच पळवून उठली.